नऊ म्हणजे उत्तर नाही

मास्तरांनी जन्मात एकाही मुलाला बाराखडी शिकवली नव्हती, तरी सगळं ऑफिस त्यांना मास्तर म्हणायचं. सामाजिक संशोधन केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत ते अठ्ठावीस वर्षं बसत आले होते. खोलीला खिडकी एकच, आणि ती उघडली की समोर सायकलींच्या शेडचा पत्रा. मास्तरांना त्याचं काही वाटत नसे. जग बघायला त्यांना खिडकी लागत नव्हती. जगच नाडीनं गठ्ठे बांधून त्यांच्या टेबलावर येऊन पडायचं.

काम सांगायला सोपं होतं. पाहणी करणारी मुलंमुली घरोघर जात, प्रश्न विचारत, उत्तरं फॉर्मवर लिहून आणत. वय किती, घरात माणसं किती, याला काही डोकं लागत नाही. पण काही प्रश्न मोकळे असतात, आणि मोकळ्या प्रश्नाला माणूस मोकळा होतो. भाडेकरूबद्दल विचारावं तर गुडघेदुखीवर जातो, गुडघेदुखीवरून सुनेवर. ते सगळं वाचायचं, आणि उजवीकडच्या चौकोनात लाल पेन्सिलीनं एक आकडा टाकायचा. अडचणीत कोणाशी बोलता? नवरा किंवा बायको असेल तर एक, आईवडील दोन, भावंडं तीन, असं करत करत ‘इतर’ला आठ. आणि उत्तरच नसेल तर नऊ. याला कोडिंग म्हणतात. एका पानाची रड एका आकड्यात बसवण्यात मास्तरांचा हात धरणारा कोणी नव्हता.

ही सवय घरी पोचायला वेळ लागला नाही. लग्नाच्या पहिल्या वर्षी बायकोनं विचारलं, “भाजी कशी झालीय?” मास्तर घास हातात धरून विचारात पडले आणि म्हणाले, “बरी आणि चांगली यांच्या मधे.” ती पोट धरधरून हसली. पुढं कित्येक वर्षं हा घरचा विनोद होता. ती नवी साडी नेसून समोर यायची, मास्तर म्हणायचे, “पाचपैकी चार.” लेक मोठी झाली तशी तीही बापाला वेगवेगळे चेहरे करून दाखवायची आणि गुण मागायची. पण विनोदाचं कपड्यासारखंच असतं, रोज वापरला की विरतो. लेक लग्न होऊन लांब गेली, आणि बायको विचारायची थांबली. कधी थांबली, ते मास्तरांच्या ध्यानात आलं नाही. न विचारलेल्या प्रश्नाला चौकोन नसतो ना.

नऊच्या आकड्याची गोष्ट आधी सांगून टाकायला हवी. वीस वर्षांपूर्वी असल्या पाहणीत पहिल्यांदा काही लोकांनी उत्तर दिलं होतं, ‘कोणाशीच नाही’. आता हे कुठं बसवायचं? यादीत तशी जागा नव्हती. अहवालाची तारीख डोक्यावर आली होती, तेव्हाचे संचालक घायकुतीला आले होते. मास्तर तेव्हा तरुण आणि हुशार. त्यांनी सुचवलं, “साहेब, कोणी नाही म्हणजे उत्तर नसल्यासारखंच झालं. नऊमध्ये टाकू.” साहेबांनी पाठ थोपटली. आता नऊ आकडा पडलेले फॉर्म तक्त्यातून वगळायचे असतात, तसा नियमच आहे. त्यामुळे वीस वर्षांच्या एकाही अहवालात, ज्याला जगात कोणी नाही असा माणूस सापडत नाही. कोणाचा हेतू वाईट नव्हता. जागा नव्हती, एवढंच.

‘मास्तर’ हे नाव पडलं ते प्रशिक्षणामुळे. दरवर्षी नव्या मुलामुलींना दोन दिवस पाहणीची रीत शिकवायची असे, आणि ते मास्तरांखेरीज कोणाला जमत नसे. फळ्यासमोर उभे राहिले की हा अबोल माणूस रंगात यायचा.

“उत्तर देणाऱ्याच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत,” ते म्हणायचे. “‘तुम्ही सुखी आहात ना?’ असं विचारलंत तर माणूस ‘हो’ म्हणणारच. तो लाजेकाजेला ‘हो’ म्हणतो आणि तुम्ही त्याला सुखी करून टाकता. आणि तो बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. तुमचं शुद्ध, सुंदर इथं कोणाला नकोय.”

मग खडू ठेवून, हात झटकून, ते आपला ठेवणीतला किस्सा काढायचे. “एका घरी सुनेला विचारलं, सासूबाईंचा स्वभाव कसा आहे? सून म्हणाली, अगदी देवमाणूस. आमच्या मुलीनं लिहून आणलं, देवमाणूस. मी विचारलं, सासू कुठं होती? तर म्हणे, शेजारीच बसून शेंगा सोलत होत्या.” वर्ग खदाखदा हसायचा. मास्तर हसू ओसरेपर्यंत थांबायचे. “म्हणून शेवटच्या पानावर तो रकाना आहे. मुलाखतीच्या वेळी दुसरं कोण हजर होतं? तो रिकामा सोडाल तर बाकीचा सगळा फॉर्म रद्दीच्या भावाचा. ज्याच्याबद्दल विचारतोय तोच कानावर असेल, तर मिळालेलं उत्तर त्याच्यासाठी असतं, आपल्यासाठी नसतं.”

आणि सगळ्यात शेवटी गुप्ततेची शपथ. इथं वाचलेलं इथंच ठेवायचं. रस्त्यात उत्तर देणारा भेटला तरी ओळख दाखवायची नाही. मास्तरांनी ही शपथ अठ्ठावीस वर्षं अशी पाळली की घरी आल्यावर, “आज काय झालं ऑफिसात?” याला “नेहमीचंच” याखेरीज उत्तर नव्हतं.

त्या वर्षी केंद्रानं मोठी पाहणी काढली. विषय असा, की माणूस दुःखात कोणाकडे जातो. सहा महिन्यांच्या अंतरानं त्याच घरांत दोनदा जायचं आणि फरक पडतो का ते पाहायचं. घरं चिठ्ठ्या टाकाव्या तशी आंधळेपणानं निवडलेली, कोणाची मर्जी नाही की वशिला नाही. फक्त एक नियम होता. केंद्रात काम करणाऱ्याचं घर यादीत आलं तर ते काढून टाकायचं. फॉर्मवरची नावपत्त्याची पट्टी खालच्या मजल्यावरच फाडून घेत, वर येताना नुसता नंबर राही.

चारशे सतरा नंबरचा फॉर्म मास्तरांच्या हातात आला तेव्हा अकरा वाजले होते आणि त्यांचा चहा अर्धा संपला होता. बाई. वय बावन्न. घरात माणसं दोन. एक मुलगी, लग्न झालेली, दुसऱ्या गावी. इथवर काही विशेष नव्हतं. अशा बाया गठ्ठ्यात डझनानं असतात. नवऱ्याचा व्यवसाय, या रकान्यात पाहणीवाल्या मुलीनं बाईंचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते: ‘लोकांची उत्तरं वाचतात.’

मास्तरांनी कप खाली ठेवला.

गेल्या वर्षभरात सगळ्यात मोठं दुःख कोणतं झालं? ‘माझी धाकटी बहीण गेली. ती रोज दुपारी चारला फोन करायची. तीस वर्षं. विशेष काही बोलायचो नाही. काय केलंस, काय खाल्लंस, पाय दुखतात का. आता चार वाजले की मी फोनजवळ जाऊन बसते. येणार नाही हे ठाऊक आहे. वेड लागलेलं नाही मला. पण दुसरीकडे बसवत नाही.’

त्या वेळी कोणाशी बोललात? ‘कोणाशीच नाही.’

घरात कोणाशी? हा जास्तीचा प्रश्न मुलीनं आपणहून विचारला होता. शिकवलेलं विसरली नव्हती. त्याचं उत्तर होतं: ‘घरात माणूस आहे. पण ते ऐकत असले तरी आकडा लावत असतात.’

हजर कोण होतं? कोणी नाही. वेळ, तीन पन्नास ते चार चाळीस. शेरा: ‘मधे उत्तर देणाऱ्या बाई उठून फोनजवळ बसल्या. पुढची मुलाखत तिथं घेतली.’

घर मास्तरांच्या वडिलांच्या नावावर होतं, आणि वडील जाऊन बारा वर्षं झाली होती. नाव बदलून घ्यायचं राहून गेलं होतं. म्हणून खालच्यांना कळलं नाही, आणि चिठ्ठी मास्तरांच्याच घराची निघाली.

मेहुणी गेली तेव्हा मास्तरांनी काय कमी केलं होतं? बातमी आली तशी रजा टाकली, बायकोला घेऊन पहिल्या बसनं निघाले, सगळं होईपर्यंत उभे राहिले. परतीच्या प्रवासात तिला खिडकीजवळची जागा दिली. चौथ्या दिवशी कामावर रुजू झाले. निघताना म्हणाले, “काळ हेच औषध आहे गं.” आणि वाक्य छान झालं असं त्यांना वाटलंसुद्धा होतं. नंतर घरात रडारड दिसली नाही, तेव्हा औषध लागू पडलं असं त्यांनी धरलं. दुःख अंदाजे दोन महिने, मग हळूहळू कमी. हजारो फॉर्म वाचल्यावर माणसाला असा अंदाज येतो.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. सगळ्या गावाची दुःखं वाचणाऱ्याला घरातली बाई रोज चार वाजता कुठं बसते याचा पत्ता नव्हता. कसा असणार? चार वाजता ते ऑफिसात असत.

नियमानं त्यांनी उठून खाली जायला हवं होतं. हा फॉर्म माझ्या घरचा आहे, बाद करा, एवढं एक वाक्य. मास्तर उठले, जिन्यापर्यंत गेले आणि परत आले. फॉर्म बाद झाला तर ते घर यादीतून जाणार, आणि सहा महिन्यांनी पाहणीवाली तिथं पुन्हा जाणार नाही. मग आपण पास झालो का नापास, हे कळणार कसं?

हो, त्यांच्या डोक्यात अगदी हेच आलं. बायको घरी होती, संध्याकाळी सहाला भेटणार होती. दार लावून समोर बसून विचारता आलं असतं, की बाई गं, असं आहे का? पण विचारलं तर शपथ मोडणार. शिवाय समोरासमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं नसतं, हे ते दरवर्षी फळ्यासमोर सांगत आले होते. तेव्हा त्यांनी ठरवलं की सहा महिन्यांत आपण सुधारायचं, आणि दुसऱ्या फेरीत तिच्या फॉर्मवर एक हा आकडा आणून दाखवायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. नुसत्या अडाण्याला ही चूक साधली नसती, त्याला अठ्ठावीस वर्षांचा अनुभव लागतो.

त्यांनी पेन्सिल उचलली आणि चौकोनात नऊ लिहिला. यादीत दुसरी जागाच नव्हती. ती त्यांनीच ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बरोबर चार वाजता मास्तरांनी ऑफिसातून घरी फोन लावला. पहिली घंटी पुरती वाजायच्या आत उचलला गेला.

“हॅलो?” बायकोचा असा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. धावत आल्यासारखा.

“मी बोलतोय.”

“अहो, तुम्ही होय. काय झालं?”

“काही नाही. सहज. काय करतेस?”

“काही नाही.”

“जेवलीस?”

“चार वाजता?”

तरी मास्तरांनी नेट सोडला नाही. रोज चारला फोन. काय करतेस, काही नाही, पाय दुखतात का, नाही. धाकटी नेमकं हेच विचारायची, मग ते या तोंडातून एवढं पोकळ का वाटावं, हे त्यांना उमगेना. तिसऱ्या आठवड्यात जेवताना बायको ताटाकडे बघत म्हणाली, “अहो, एक सांगू? चारला फोन करू नका.”

“का गं?”

“घंटी वाजली की क्षणभर वाटतं.” ती एवढंच बोलली आणि भाजी वाढायला उठली.

‘क्षणभर काय वाटतं?’ हा पुढचा प्रश्न कोणत्याही नवशिक्या मुलीनं विचारला असता. मास्तरांनी विचारला नाही. त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं, आणि ठाऊक असल्याचं दाखवायचं नव्हतं.

मग त्यांनी दुसरे उपाय सुरू केले. लवकर घरी यायचे. भांडी पुसायला लागले, दोन कप फोडले. संध्याकाळी तिला फिरायला न्यायचे. दोघं तलावाच्या कडेनं चालत, आणि मास्तर रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल माहिती देत. फिरून आल्यावर ते तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघायचे, परीक्षेचा पेपर तपासून आला का बघावं तसे. तिच्या ते लक्षात येत होतं. कोणाच्या आलं नसतं?

एकदा तलावाजवळच्या बाकावर बसल्यावर तिनंच विचारलं, “हल्ली काय वाचता ऑफिसात?”

अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न तिनं अशा आवाजात कधी विचारला नव्हता.

“नेहमीचंच,” ते म्हणाले.

“लोक कशाबद्दल सांगतात?”

“ते सांगता येत नाही गं. गोपनीय असतं.”

“घरीसुद्धा?”

“घरी तर मुळीच नाही.”

ती पाण्याकडे बघत राहिली. मग पदर सावरून उठली. “चला. गार वारा सुटलाय.”

त्याच महिन्यात मास्तर संचालकांकडे गेले. आता एक मॅडम होत्या, हुशार आणि कामात बुडालेल्या. मास्तर म्हणाले, “मॅडम, ‘कोणाशीच नाही’ याला वेगळा आकडा द्यायला हवा. नऊमध्ये टाकतो ते चुकतंय.”

“किती आहेत असे?”

“या फेरीत एकशे बेचाळीस.”

मॅडमनी भुवया उंचावल्या. “एवढे? पण मास्तर, आता बदललं तर मागच्या वीस वर्षांशी तुलना कशी करणार? जुने फॉर्म पुन्हा बघावे लागतील.”

“जुने रद्दीत गेले, मॅडम.”

“मग झालं तर.” त्या खरोखरच हळहळल्या. “तळटीप देऊ आपण. आणि हा नियम केला तरी कोणी?”

“फार जुना आहे,” मास्तर म्हणाले आणि खाली मान घालून परतले. वरातीमागून घोडं नेऊन काय मिळणार होतं? एकशे बेचाळीस माणसं, आणि मागच्या वीस वर्षांतली देव जाणे किती. सगळी त्यांनी आपल्या हातानं, चांगल्या कोरलेल्या पेन्सिलीनं पुसली होती.

दुसऱ्या फेरीचं वेळापत्रक भिंतीवर लागलं. चारशे ते चारशे वीस, गुरुवार. मास्तरांनी गुरुवारची रजा टाकली. कारण लिहिलं, घरगुती. इतकं खरं कारण त्यांनी आजवर लिहिलं नव्हतं.

पाहणीवाली आली तेव्हा साडेतीन वाजले होते. खांद्याला पिशवी, हातात फॉर्मची पाटी. दुसऱ्या फेरीसाठी बाहेरून घेतलेल्या तुकडीतली, मास्तरांच्या वर्गाला न बसलेली, त्यामुळे ती त्यांना ओळखत नव्हती. दारात पुरुष बघून ती चाचरली. “काका, मला काकूंशी एकटीशी बोलायचं होतं. चालेल का?”

“चालेल की! चालायलाच पाहिजे,” असं म्हणत मास्तर लगबगीनं स्वयंपाकघरात गेले. दार लोटलं, पण पुरतं लावलं नाही. ओट्याला टेकून, श्वास रोखून उभे राहिले. शेंगा सोलायला नव्हत्या, एवढाच काय तो फरक. पण त्या घटकेला आपला ठेवणीतला किस्सा त्यांना आठवला नाही. कळतं पण वळत नाही, ही म्हण शहाण्या माणसांसाठीच केलेली आहे.

बाहेर प्रश्न चालले होते. वय, माणसं, मुलगी. मग तो प्रश्न आला. “काकू, दुःखात कोणाशी बोलता?”

खुर्ची करकरली. मग बायकोचा आवाज आला, स्पष्ट, खणखणीत. “हे आहेत की! माझे मिस्टर. सगळं त्यांच्याशीच बोलते.”

मास्तरांनी दोन्ही हातांनी ओटा धरला. डोळ्यांना पाणी आलं, ते त्यांनी भांड्यांच्या फडक्यानं पुसलं. पुढचे चार दिवस हा माणूस हवेत होता. जिन्यावर शीळ घालताना लोकांनी ऐकला. घरी आल्यावर बायकोला म्हणाला, “आजची भाजी पाचपैकी पाच.” ती ओठांनी हसली. डोळे हसले नाहीत ते त्याला दिसलं नाही.

सोमवारी चारशे सतरा नंबर टेबलावर आला. मास्तरांनी तो मुद्दाम सगळ्यात शेवटी ठेवला, लहान मूल गोड घास शेवटी ठेवतं तसा. दुपारी उघडला. ‘माझे मिस्टर. सगळं त्यांच्याशीच बोलते.’ पुन्हा वाचलं. मग सवयीनं पान उलटून शेवटचा रकाना बघितला. मुलगी नवी होती, पण चोख होती.

हजर कोण होतं? ‘पती. शेजारच्या खोलीत. दार अर्धं उघडं.’

शेरा: ‘या प्रश्नाला उत्तर देण्याआधी बाईंनी दाराकडे पाहिलं. उत्तर मोठ्या आवाजात दिलं. बाकीची मुलाखत हळू आवाजात झाली. उत्तर दिल्यावर मला खुणेनं गप्प राहायला सांगितलं.’

फळ्यासमोर शिकवलेला धडा आज त्यांना कोणीतरी तोंडावर वाचून दाखवला होता. त्यांनी फॉर्म मिटला. चौकोन रिकामा ठेवून, पेन्सिल खिशातच घेऊन ते साडेतीनला घरी निघाले. शपथ मोडायची, एवढं रस्त्यात ठरलं.

दार उघडलं तेव्हा बायको फोनजवळच्या खुर्चीत बसली होती. हातात काही काम नव्हतं. तिनं वर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघून तिला काय ते कळलं.

“वाचलात?” तिनं विचारलं.

मास्तर तिथंच जमिनीवर बसले. “तुला ठाऊक होतं?”

“काय?”

“फॉर्म माझ्याकडे येतो ते.”

“न यायला काय झालं? अठ्ठावीस वर्षं कौतुकानं सांगताय, एकही कागद माझ्या टेबलावरून गेल्याशिवाय पुढं जात नाही.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. “पहिला कधी वाचलात?”

“सहा महिने झाले.”

“वाटलंच. पहिल्यांदा चारला फोन केलात, त्याच दिवशी समजले मी.”

“मग बोलली का नाहीस गं?”

“बोलले होते की,” ती म्हणाली. “तेच तर बोलले होते. ती पोरगी लिहून घेत होती, मी अगदी सावकाश सांगितलं, एकही शब्द सुटू नये म्हणून. म्हटलं, माझं बोलणं अर्धंच ऐकतात, पण लिहिलेलं पुरतं वाचतात. कागदावरून आलं तर पोचेल.” तिनं मांडीवरचा पदर नीट केला. “मग वाट पाहिली. आज विचारतील, उद्या विचारतील. तलावावर मी होऊन विचारलं. तुम्ही म्हणालात, गोपनीय आहे.”

मास्तरांनी विचारलं, “आणि दुसऱ्या वेळी?”

“दुसऱ्या वेळी तुम्ही दाराआड उभे होतात. एवढी धडपड चालली होती तुमची, मला दिसत होती ना. कप फोडत होतात. जे ऐकायचं होतं ते सांगून टाकलं. या वयात कशाला कुणाला दुखवा.”

“आता सांग,” मास्तर म्हणाले. “आता विचारतोय मी. सांग मला, काय होतं तुला? मी नुसतं ऐकतो. आकडा लावणार नाही, तुझी शपथ.”

तिनं त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं फार लांबून होतं. सांगावं असं तिच्याही मनात आलं असावं, कारण ओठ हलले. मग घड्याळात चार वाजले, तिची मान आपसूक फोनकडे वळली, आणि पुन्हा इकडे वळलीच नाही.

“आता काही नाही,” ती म्हणाली. “खरंच काही नाही.”

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी चौकोनात एक लिहिला. उत्तर देणारी जे बोलली ते मांडायचं, मनचं घालायचं नाही, असा नियम आहे. तपासणीसाठी फॉर्म पलीकडच्या टेबलावर गेला. तिथल्या बाईंनी स्वतंत्रपणे वाचून एकच टाकला. दोघांचा आकडा जुळला की उत्तर पक्कं धरतात, तेव्हा हेही उत्तर पक्कं झालं. महिन्याभरानं मॅडमनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की दुसऱ्या फेरीत परिस्थिती थोडी सुधारलेली दिसते, आणि टाळ्या वाजल्या. मास्तरांनीही वाजवल्या.

त्या दुपारी चार वाजता त्यांनी घरी फोन लावला. करू नका असं तिनं सांगितलं होतं, तरी लावला. विचारायचं काय ते ठरवलं नव्हतं. पलीकडे घंटी वाजत राहिली. ती फोनजवळच बसलेली असणार, हे त्यांना ठाऊक होतं. आपोआप तुटेपर्यंत त्यांनी तो कानाला धरून ठेवला.